विमानवाहू नौका फक्त लढाऊ विमानांची नसते

४ मे १९८२ या दिवशी ब्रिटिश नौदलाच्या शेफील्ड या विनाशिकेवर एक्झोसे क्षेपणास्त्र आदळलं आणि तिच्यावरचे २० जण मारले गेले. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंडच्या युद्धाबद्दल ज्यानं थोडंफार वाचलं आहे, त्याला ही घटना माहीत असते. ते क्षेपणास्त्र सोडणारी अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमानंही माहीत असतात. पण एवढ्या मोठ्या समुद्रात शेफील्ड नेमकी कुठे आहे, हे त्या वैमानिकांना सांगितलं कोणी? अर्जेंटिनाच्याच नौदलाच्या एका नेपच्यूननं. हे जुनं गस्ती विमान सकाळपासून ब्रिटिश ताफ्याच्या आसपास घुटमळत होतं, मधूनच रडार लावून पाहत होतं, पुन्हा खाली येऊन लपत होतं. हल्ल्याच्या थोडं आधी त्यानं लक्ष्याचं ठिकाण कळवलं. सुपर एतांदारना वाटेत इंधन दिलं ते हर्क्युलिस टँकरनं.

आता दुसरी बाजू पाहा. शेफील्डला हा हल्ला वेळेत दिसला नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रिटिश ताफ्याकडे उडतं रडारच नव्हतं. जहाजावरच्या रडारला क्षितिजापलीकडून लाटांना चिकटून येणारं विमान दिसत नाही. ते दिसायचं तर रडार उंचावर न्यावं लागतं. रॉयल नेव्हीकडे त्यासाठी फेअरी गॅनेट होतं. १९७८ मध्ये आर्क रॉयल या मोठ्या नौकेबरोबर तेही सेवेतून गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. शेफील्ड गमावल्यावर सी किंग हेलिकॉप्टरवर सर्चवॉटर रडार बसवायचं काम घाईघाईनं ११ आठवड्यांत उरकलं, पण तोवर युद्ध संपलं होतं. त्या दिवशी जे घडलं त्यात एका बाजूला सहाय्यक विमान होतं आणि दुसऱ्या बाजूला ते नव्हतं, या फरकाचा वाटा क्षेपणास्त्राइतकाच मोठा आहे.

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर हुबेहूब विमान उडवायचे खेळ, उडवणाऱ्यांना हा समुद्र परका नाही. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये दक्षिण अटलांटिकचा नकाशा २०२२ पासून आहे. त्यावर हल्ला करता येतो, हल्ला परतवता येतो. पण नेपच्यूनमध्ये बसून ताफा हुडकायचा म्हटलं, किंवा गॅनेट हवेत असतं तर काय झालं असतं हे करून पाहायचं म्हटलं, तर तशी सोय नाही.

माझं म्हणणं असं आहे की सिम्युलेटरनं विमानवाहू नौकेची जी गोष्ट सांगायला घेतली आहे ती अर्धीच सांगितली आहे, आणि उरलेली अर्धी आता सांगायला हवी. जी गोष्ट स्वतःला खेळापेक्षा जास्त म्हणवते, जिच्यात एका बटणाचा आवाज अचूक यावा म्हणून निर्माते महिनोन् महिने खपतात, तिनं नौदलाची उड्डाणं प्रत्यक्षात कशी चालतात याबद्दल इतकं अपुरं चित्र रंगवत राहणं बरोबर नाही.

आत्ताची स्थिती पाहू. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सला ॲक्सेलरेशन ही जोड मिळाली आणि विमानवाहू नौका आली, तिच्याबरोबर आलं हॉर्नेट हे लढाऊ विमान. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरला नौदलाचं विमान मिळालं, ते सुपर हॉर्नेट. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये फँटम आणि टॉमकॅट, तीही लढाऊच. डीसीएसमध्ये हॉर्नेट आणि टॉमकॅट दोन्ही, आणि दोन्ही अप्रतिम. त्यांच्या निर्मात्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. उडतं रडार असलेलं ई-२ हॉकआय आणि पाणबुड्या शोधणारं, टँकरचंही काम करणारं एस-३ व्हायकिंगही डीसीएसमध्ये आहेत, पण ती संगणकानं चालवायची विमानं. रेडिओवर बोलावलं की येतात, इंधन देतात, शत्रू कुठे आहे ते सांगतात. त्यांचं कॉकपिट नाही. हौशी मंडळींनी इकडेतिकडे बनवलेली काही विमानं अपवाद म्हणून सापडतात, पण टॉमकॅटसारखी बारकाईनं घडवलेली, आतून-बाहेरून चालवता येणारी विमानं या सहाय्यक वर्गाच्या वाट्याला जवळजवळ आलेलीच नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही विमानं कंटाळवाणी आहेत, नुसतं गोल गोल फिरायचं. हा आक्षेप घेणाऱ्यांनी हॉकआय नौकेवर उतरताना एकदा नीट पाहावं. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे साडेचोवीस मीटर. पाठीवर २४ फूट व्यासाची रडारची तबकडी. वैमानिक दोघे शेजारीशेजारी बसतात, म्हणजे विमान उतरवणारा विमानाच्या मध्यरेषेवर नसतो. उतरताना त्याला सतत लक्षात ठेवावं लागतं की आपण रेषेच्या बाजूला दिसलो पाहिजे, तरच विमान रेषेवर आहे. दोन्ही इंजिनांचे पंखे (प्रोपेलर) एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे इंजिनाची ताकद थोडी वाढवली की नाक एका बाजूला ओढलं जातं, कमी केली की दुसऱ्या. उतरताना ताकद तर क्षणाक्षणाला बदलावी लागते. म्हणजे हाताबरोबर पायही अखंड चालू. उतरण्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना इतर विमानं उभी असतात आणि एवढ्या रुंद पंखांना चुकायला जागा फारशी उरत नाही. सुपर हॉर्नेटमध्ये आता उतरण्याचं बरंचसं गणित संगणक सांभाळतो. हॉकआयमध्ये ते माणसाच्या हातापायांत आहे. नौकेवर उतरणं हीच सिम्युलेटरमधली सर्वांत कठीण आणि सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे असं आपण मानत असू, तर त्यातला सर्वांत अवघड धडा आपण अजून उघडलेलाच नाही.

१८ मार्च २०१६ रोजी आयझेनहॉवर या अमेरिकी नौकेवर एक ई-२सी हॉकआय उतरलं. शेपटीखालच्या हुकनं विमान थांबवणारी डेकवरची तार पकडली, विमानाचा वेग झपाट्यानं उतरला, आणि तार तुटली. आता थांबायला तार नाही आणि उडायला वेग नाही. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं. नौकेवरच्या चित्रीकरणात ते काही क्षण दिसेनासंच होतं, आणि मग पाण्याला लागता लागता वर चढताना दिसतं. डेकवर तुटलेल्या तारेनं ८ खलाशी जखमी झाले. विमान नॉरफोकला जाऊन सुखरूप उतरलं. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला अशा वेळी त्याला विमानाबाहेर फेकणारी सुटकेची खुर्ची असते. हॉकआयमध्ये ती नाही. पाच माणसं आत असतात आणि दोघा वैमानिकांवर पाचांचा जीव असतो. यात कंटाळवाणं काय आहे?

टँकरचं पाहा. रात्रीची वेळ, ढग खाली आलेले, नौका हेलकावत आहे. एक वैमानिक दोनदा तार चुकवून पुन्हा वर गेलाय आणि त्याचं इंधन संपत आलंय. सिम्युलेटरमध्ये आपण नेहमी त्या वैमानिकाच्या जागी असतो. पण वर फिरणाऱ्या टँकरमधला वैमानिक काय करत असतो? तो रेडिओवर प्रत्येकाचं इंधन ऐकत असतो. कोण अडचणीत येणार याचा अंदाज बांधत असतो. एखादा तार चुकवून पुन्हा वर येईल असं दिसलं की टँकर आधीच खाली सरकतो आणि असा काटा साधतो की तो वर आला की त्याच्या समोर, हाताशी, टँकरची नळी हजर असावी. जरा लवकर पोचला तर पुढे निघून जाईल, जरा उशीर झाला तर त्याला शोधत बसण्यात त्या बिचाऱ्याचं उरलंसुरलं इंधन जाईल. शिवाय स्वतःकडचं किती द्यायचं आणि स्वतः उतरायला किती ठेवायचं, हा हिशेब डोक्यात चालूच. हे काम करून पाहावं असं कितीतरी जणांना वाटेल, याबद्दल मला शंका नाही.

टँकरवाल्यांच्या कामात किती नाट्य असू शकतं हे ३१ मे १९६७ रोजी टोंकिनच्या आखातावर दिसलं. अमेरिकी नौदलाच्या एका केए-३ टँकरचं स्वतःचंच इंधन तळाला गेलं होतं. हवाई दलाच्या केसी-१३५ टँकरनं त्याला इंधन द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात नौदलाचं एक एफ-८ क्रूसेडर हे लढाऊ विमान आलं, त्याच्या टाक्या तर कोरड्याच पडायला आलेल्या. मग मधल्या केए-३ नं एका बाजूनं इंधन घेता घेता दुसऱ्या बाजूनं ते क्रूसेडरला दिलं. तीन विमानं एकामागोमाग एक, एकमेकांना जोडलेली. केसी-१३५ च्या चमूला त्या वर्षीची मॅके ट्रॉफी, म्हणजे अमेरिकी हवाई दलाचा उड्डाणातल्या कामगिरीचा पुरस्कार, मिळाला. सिम्युलेटरसाठी कामगिरी लिहिणाऱ्याला याहून चांगलं कथानक कुठे मिळणार?

सुपर हॉर्नेटच्या सगळ्या उड्डाणांपैकी २० ते ३० टक्के उड्डाणं दुसऱ्या विमानांना इंधन द्यायलाच खर्ची पडतात, असं अमेरिकी नौदलातले लोकच सांगत आले आहेत. म्हणूनच एमक्यू-२५ हे वैमानिकाविना उडणारं टँकर बनवायला घेतलं. ४ जून २०२१ रोजी त्याच्या चाचणी विमानानं पहिल्यांदा एका सुपर हॉर्नेटला हवेत इंधन दिलं. हे काम नौकेच्या रोजच्या जगण्यात इतकं मध्यवर्ती आहे.

मालवाहू विमानांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. १९६३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली यांनी फॉरेस्टल या अमेरिकी नौकेवर चक्क चार इंजिनांचं केसी-१३० हर्क्युलिस उतरवलं. हुक नाही, तार नाही. २१ वेळा ते पूर्ण थांबलं आणि २१ वेळा कॅटपल्टशिवाय, म्हणजे विमानाला झटक्यानं पुढे फेकणाऱ्या यंत्राशिवाय, उडालं. हा प्रयोग सिम्युलेटरमध्ये करून पाहिला नाही असा माणूस विरळाच असेल, आणि त्याची मजा मीही पुरेपूर घेतली आहे. पण तो प्रयोग कशासाठी होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेला सुटे भाग, टपाल, माणसं कशी पोचवायची, हा प्रश्न होता. हर्क्युलिस उतरू शकतं हे सिद्ध झालं, पण डेकवर ते रोज उतरवणं धोक्याचं ठरलं. त्या वेळी हे काम सी-१ ट्रेडर करत होतं, आणि पुढे १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या सी-२ ग्रेहाउंडनं ते हाती घेतलं. म्हणजे आपण गोष्टीतला गाजलेला प्रयोग उचलला आणि ती गोष्ट ज्या विमानापाशी पोचली ते विमानच वगळलं.

ग्रेहाउंड १० हजार पाउंड माल किंवा २६ प्रवासी नेऊ शकतं. प्रवासी मागे तोंड करून बसतात, हेल्मेट आणि गॉगल चढवून, जवळजवळ अंधारात. नौका जवळ आली की चमूतला माणूस हात हलवून ओरडतो, सगळे अंग आवळून घेतात, आणि दोन सेकंदांत सगळं थांबतं. पुढे बसलेल्या वैमानिकाला दिवसभरात किनारा ते नौका आणि नौका ते किनारा अशा फेऱ्या असतात. त्याला हवामान पाहावं लागतं, नौका तोवर कुठे सरकलेली असेल ते पाहावं लागतं, आणि एवढा माल घेऊन उतरता आलं नाही तर परत किनाऱ्यापर्यंत पुरेल एवढं इंधन राखावं लागतं. दूरच्या धावपट्ट्यांवर माल पोचवायच्या मोहिमा उडवायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी याहून मोठं आव्हान नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिम्युलेटरचा सगळा व्यवसायाचा भागच मालवाहतूक, शोधमोहीम, आग विझवणं अशा कामांवर उभा आहे. माणसांना काम करणारी विमानं आवडतात हे बाजारानं आधीच सांगितलं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ एक ऑस्प्रे, म्हणजे हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उडू शकणारं विमान, कोसळलं आणि सगळ्या ऑस्प्रे विमानांची उड्डाणं सुमारे तीन महिने थांबली. ग्रेहाउंडची जागा घेत असलेली नौदलाची सीएमव्ही-२२बी ही ऑस्प्रे विमानंही त्यात आली. निवृत्तीच्या वाटेवरच्या ग्रेहाउंडनंच मग तो भार पुन्हा उचलला. ऑस्प्रेची निवड होण्यामागचं एक कारणही सांगण्यासारखं आहे: एफ-३५ च्या इंजिनाचा मुख्य भाग ग्रेहाउंडच्या पोटात मावत नव्हता. नौकेवर नवं लढाऊ विमान आणायचं तर आधी त्याचं इंजिन घेऊन येणारं विमान हवं.

हेलिकॉप्टरचा विषय इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण डीसीएसमध्ये ह्यूई, एमआय-८ आणि २०२४ पासून चिनूकही आहे, आणि एका हौशी गटानं फुकट दिलेलं ब्लॅक हॉक किती लोकांनी उडवलं ते सर्वांनी पाहिलं आहे. त्यात नौदलाचं बचाव हेलिकॉप्टर मात्र नाही. लढाऊ विमानं उडत आणि उतरत असताना नौकेजवळ पहारा देत असतं ते हेच. १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकी नौदलाच्या क्लाइड लॅसन यांनी सीस्प्राइट हेलिकॉप्टर घेऊन रात्रीच्या अंधारात, गोळीबारात, उत्तर व्हिएतनाममधून दोन वैमानिकांना उचललं आणि परत जहाजावर उतरले तेव्हा टाकीत पाचेक मिनिटांचं इंधन होतं. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हॉकआयची खरी करामत मागे बसलेल्या तिघांच्या हातात असते, व्हायकिंगमध्ये दोघे वैमानिक आणि दोघे पाणबुडी शोधणारे. एकट्या खेळाडूनं हे सगळं कसं सांभाळायचं? आणि रडारच्या पडद्यासमोर तासन् तास बसायला कोण तयार होईल?

तयार होणारे आधीच तयार झालेले आहेत. सिम्युलेटर उडवणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणणारं व्हॅटसिम २००१ पासून चालू आहे आणि जगभरातले स्वयंसेवक तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत बसतात, त्यासाठी परीक्षा देतात. डीसीएसच्या अनेक सर्व्हरवर लोटएटीसी नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बसून माणसं लढाऊ विमानांना दिशा देतात, आवाजानं, खऱ्या शिस्तीत. ते करतात ते हॉकआयच्या मागच्या खुर्चीतलंच काम. फरक इतकाच की त्यांच्या खुर्चीला विमान नाही. त्यांना ते द्या. एकट्या खेळाडूचा प्रश्नही सुटलेला आहे: २०१९ मध्ये आलेल्या, हीटब्लर या कंपनीनं डीसीएससाठी बनवलेल्या टॉमकॅटमध्ये मागच्या खुर्चीत संगणकाचा जेस्टर बसतो, आणि हवं तर पुढची खुर्ची सोडून आपण मागे जाऊन रडार चालवू शकतो. कितीतरी लोक आनंदानं मागेच बसतात.

पाणबुडीविरोधी कामाबद्दल गुप्ततेचा मुद्दा काढला जातो. तो आजच्या यंत्रांबाबत खरा आहे, आणि निर्मात्यांनी तिथे मर्यादा पाळायलाच हवी. पण २००५ च्या डेंजरस वॉटर्स या खेळात पी-३ ओरायन हे गस्ती विमान आणि एमएच-६० आर हे हेलिकॉप्टर, ही दोन्ही खेळाडूच्या हातात होती. सोनोबॉय, म्हणजे पाण्यात तरंगत आवाज टिपणारी उपकरणं, टाकायचे, पाण्यातले आवाज पडद्यावर वाचायचे, पाणबुडीभोवती जाळं आवळायचं, हे सगळं त्यात होतं, आणि त्यासाठी कोणाची गुपितं फुटली नाहीत. वीस वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमणार नाही असं कसं म्हणायचं? शिवाय जुनी विमानं आहेतच. आपल्या पहिल्या विक्रांतवरून १९७१ च्या युद्धात उडालेलं अलिझे हे पाणबुडीविरोधी विमान, किंवा गॅनेट, यांच्या यंत्रणा आता संग्रहालयांत आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला वाटतं तीच सर्वांत निकडीची आहे. एस-३ व्हायकिंग २००९ मध्ये नौदलाच्या ताफ्यातून गेलं आणि नासाकडचं शेवटचं २०२१ मध्ये थांबलं. ग्रेहाउंडच्या निवृत्तीचं वर्ष २०२६ ठरलं. कॉकपिटचे फोटो आणि नियमपुस्तकं उरतात. पण ताकद वाढवली की नाक किती ओढलं जातं, पावसात आवाज कसा येतो, तार पकडल्यावर मागच्या खुर्चीत काय होतं, हे ज्यांनी उडवलं त्यांच्याच अंगात असतं. टॉमकॅट इतकं जिवंत झालं ते ते उडवलेली माणसं निर्मात्यांच्या शेजारी बसली म्हणून. व्हायकिंग आणि ग्रेहाउंड उडवलेली माणसं आजही आहेत, बोलायला उत्सुक आहेत, आणि त्यांना विचारायला फारसं कोणी जात नाही.

कुठून सुरुवात करावी असं कोणी मला विचारलं तर मी व्हायकिंग म्हणेन. एकाच सांगाड्यावर त्यानं पाणबुडी शोधली, टँकरचं काम केलं, ईएस-३ए म्हणून शत्रूचे संदेश टिपले, यूएस-३ए म्हणून टपाल आणि माणसं पोचवली. त्याच्या पोटात ६० सोनोबॉय मावतात. चारही खुर्च्या सुटकेच्या आहेत. त्याचं टीएफ३४ हे इंजिन ए-१० या हल्लेखोर विमानाच्या इंजिनाच्याच घराण्यातलं, आणि ए-१० डीसीएसमध्ये केव्हापासून उडतं आहे. डेक तयार आहे, कॅटपल्ट तयार आहे, बाहेरून दिसणारं विमानही तयार आहे, कारण संगणक ते रोज उडवतोच. हवंय ते कॉकपिट, आणि त्यासाठी पैसे मोजायला आम्ही तयार आहोत हे सांगणारे पुरेसे आवाज. निर्माते खेळाडूंकडून विनंत्या मागवतात तेव्हा बहुतेक जण आणखी एक लढाऊ विमान मागतात. पुढच्या वेळी व्हायकिंग मागा, आणि ते का हवंय हे दोन ओळींत सोबत लिहा.